गुडघे सोडून बाकी कुशल

कारांगसारी,
भात घरात आल्यानंतरचा मंगळवार

वडीलबंधूंसमान मास प्रानोतो यांस, नदीअलीकडच्या धाकट्या साडूचा, सुकिर्मानचा, दोन्ही हात जोडून सलाम.

मास, आपण उभयतां बरे असाल अशी आशा आहे, आणि हे मी गुडघे सोडून विचारतो आहे. आपले डोळे कसे आहेत? डाव्या कानात वाजायचं ते थांबलं का? ताईंसमान म्बाक सुरात्मींचं पित्त, दाढ, खांदा, रक्तदाब यांचं सविस्तर कळवावं, पानं भरली तरी हरकत नाही. फक्त गुडघ्यांविषयी एक अवाक्षरही नको. ‘बरं आहे’ नको, ‘तसंच आहे’ नको, ‘काल सहज उकिडवा बसलो’ हे तर मुळीच नको. मला ठाऊक आहे की आपल्या दोन घरांतला प्रेमाचा व्यवहार वर्षानुवर्षं मुख्यतः गुडघ्यांवरच चालत आला आहे, आणि तो विषय काढून घेतला तर लिहायला हवापाणी तेवढं उरतं. पण इलाज नाही. फोन न करता पत्र लिहितोय तेही त्याचसाठी. फोन उचलला की म्बाक सुरात्मी ‘हॅलो’च्या आधी गुडघा सांगतात. (रागावू नका. आमची वार्सिनीही तेच करते. दोघी एकाच आईच्या लेकी.) इकडे आमचंही सर्व क्षेम आहे. आमचे गुडघे कसे आहेत ते मी सांगणार नाही.

पत्रास कारण असं की, तुमच्या बुलुरेजोच्या घाटावर कपडे आपटताना बायका म्हणतात म्हणे, कारांगसारीच्या वादन मंडळानं डॉक्टरीणबाईंचं औषध शहरात नेऊन विकलं आणि म्हणून पहिलं संशोधन बारगळलं. तुम्हाला कॉलेजातून एवढंच कळवलं होतं की काही तांत्रिक कारणामुळे अभ्यास नव्यानं सुरू होतोय आणि आता नदीपलीकडचं मंडळही त्यात घेतलंय. मास, ते तांत्रिक कारण म्हणजे आम्ही. पण विकलं मात्र नाही. विकलं असतं तर निदान काय झालं ते कळलं असतं, असं खुद्द कॉलेजातले मोठे प्राध्यापक म्हणाले. आम्ही जे केलं ते निव्वळ सज्जनपणानं केलं, आणि सज्जनपणावर वैद्यकशास्त्राला अजून औषध सापडलेलं नाही.

आता मुळापासून सांगतो, मधे घाई करू नका. मी गाँगवाला माणूस. तुम्ही केंदांगवर थाप मारून सगळ्यांना पळवता, सारोनवाल्या बायका धातूच्या पट्ट्या टणाटण वाजवत सुटतात, आणि मी तेवढा वेळ हातात मऊ गोळ्याची काठी धरून थांबलेला असतो. सगळं आवर्तन फिरून आलं की शेवटी माझा एक ठोका. वार्सिनी म्हणते हा स्वभाव मी घरातही आणलाय, घर पेटलं तरी हा माणूस आवर्तन पुरं झाल्यावर ‘आग’ म्हणेल. असेल. पण शेवटी वाजणाऱ्यालाच सगळं नीट ऐकू आलेलं असतं, हे तुम्हीही एकदा कबूल केलं होतंत (माझ्या तोफूची भजी खाताना).

तर आमचं मंडळ तुम्हाला ठाऊक आहे. वयं झाली. जन्मभर मांडी घालून नाहीतर टाचांवर बसून वाजवलं, आणि गुडघ्यांनी त्याचा हिशेब एकदमच मागितला. वार्सिनीला खाली बसणं अशक्य झालं तेव्हा आम्ही तिला प्लॅस्टिकची खुर्ची दिली. खुर्चीवरून जमिनीला चिकटलेलं सारोन गाठायचं कसं? मग सारोनखाली आमच्या तोफूच्या धंद्यातल्या पेट्या रचल्या. तेवढ्यात लक्षात आलं की ती आमच्या थोरल्या गाँगच्या, क्याई मेंदुंग सारींच्या, डोक्यावर बसल्यासारखी दिसते. ज्यांना दर गुरुवारी फुलं वाहायची, ज्यांना ओलांडून जायची आपली छाती नाही, त्यांच्यापेक्षा उंच बसायचं? तिच्या घशाखाली घास उतरेना. मग क्याईंनाही पेट्यांवर चढवलं. मग बाकीच्या बायका क्याईंच्या मानानं फारच खाली गेल्या, म्हणून त्यांनीही पेट्या मागितल्या. असं करता करता मंडळ छताला टेकायची वेळ आली आणि माझ्या मुलाकडं तोफू ठेवायला पेटी उरली नाही.

अशात नास्तिती आली. तुम्ही तिला आता ओळखता, पण तेव्हा ती पहिल्यांदाच स्कूटरवरून आमच्या मंडपाशी उतरली होती, हेल्मेटमधून केस सोडवत. ही पोरगी वैद्यकीय कॉलेजात डॉक्टरेट करते. जमिनीवर बसून वाजवणाऱ्यांच्या गुडघ्यांवर तेमुलावकच्या अर्काचा उपयोग होतो का, हा तिचा विषय. हळदीची ही थोराड बहीण आपण पिढ्यान् पिढ्या उकळून पितोच, पण उकळून पिणं आणि उपयोग सिद्ध होणं यात म्हणे फार अंतर असतं आणि तेवढ्या अंतरात तिची शिष्यवृत्ती बसते. तिनं आम्हा प्रत्येकाला खाऊचं खोकं दिलं (चिकट भाताचं एक लेंपेर, एक तळलेलं तोफू, एक हिरवी मिरची, तोफू माझ्या मुलाचं नव्हतं, पण मी बोललो नाही). मग तिनं फार प्रामाणिकपणे समजावलं. प्रत्येकाला दर आठवड्याला कॅप्सूलची बाटली मिळेल. निम्म्या बाटल्यांत खरा अर्क, निम्म्यांत निव्वळ साबुदाण्याचं पीठ. रंग तोच, वास तोच. कुणाला काय मिळालं ते कुणालाच कळणार नाही, तिला स्वतःलाही नाही. आणि औषध सुरू असेपर्यंत जामूचा काढा बंद. शेवटी तिनं विचारलं, सगळ्यांना मान्य आहे ना? आम्ही एका सुरात ‘इंग्गिह’ म्हणालो. मास, पोरगी सेमारांगला वाढली, मोठ्या शहरात. तिला वाटलं आम्ही हो म्हणालो. आपल्यात ‘इंग्गिह’ म्हणजे ‘ऐकू आलं’.

काढा बंद म्हटल्यावर सगळ्यांच्या माना पोनिराहकडं वळल्या. ही आमच्या मंडळात केनोंग वाजवते आणि सकाळी पाठीवर बाटल्यांची टोपली बांधून जामू विकते, म्हणजे तिच्या पोटावरच पाय. पण पोनिराह बाजारातली बाई, तिला लाजणं ठाऊक नाही. ती म्हणाली, ‘चालतंय की. मंडळ नाही पिणार तर बाकीचा गाव पिईल. पण म्बाक डॉक्टर, माझ्याच काढ्यातलं कंदमूळ कॅप्सूलच्या पिवळ्या टोपीत घालून मलाच देणार, आणि वर त्यात पीठ असायची शक्यता? मी असं केलं असतं तर गिऱ्हाइकानं बाटली डोक्यात घातली असती.’ नास्तिती हसली. आम्हीही हसलो. पण तो काटा सगळ्यांच्या मनात रुतला तो तिथंच.

त्याआधी तपासण्यांचं सांगतो, कारण तिथंही पोरीचे हाल झाले. ती घड्याळ घेऊन उभी राहायची आणि एकेकाला मंडपाच्या या खांबापासून त्या खांबापर्यंत चालायला सांगायची, जमेल तितक्या भरभर. आता आमच्यातली सगळ्यात थोर म्हातारी आधी चालली, रमतगमत, वाटेत क्याईंना नमस्कार करून. तिच्या मागून तिच्यापेक्षा भरभर चालायचं कोणत्या तोंडानं? सगळे तिच्याच चालीनं चालले. दुसरं म्हणजे तिनं विचारायचं, शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही आणि दहा म्हणजे असह्य, तर तुमचं किती? शून्य म्हणावं तर फुशारकी, दहा म्हणावं तर कुरकूर. सगळ्यांनी पाच सांगितलं. वार्सिनीला खुर्चीवरून उठवायला दोघं लागायचे, तिनंही पाचच सांगितलं. नास्तितीनं पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, ‘बु, मनापासून सांगा ना.’ वार्सिनी म्हणाली, ‘मनापासून सहा आहे गं, पण तू एवढ्या लांबून आलीस, पाच लिही.’

बाटल्या वाटून झाल्या. आणि घरोघर झोपा उडाल्या. दुखण्यानं नव्हे, पंक्तिप्रपंचाच्या भीतीनं. वार्सिनी स्वयंपाकघरात बाटली समोर ठेवून बसायची. म्हणायची, ‘समजा माझ्यात खरं आहे. आणि पोनिराहच्यात पीठ. ती मला दर ईदला विणलेल्या पानातला केतुपात भात आणून देते. मी आतून औषध खाऊन टुणटुणीत होणार आणि ती लंगडत केतुपात आणणार? मला गिळेल तो?’ मी म्हणालो, समजा उलटं असलं तर? म्हणाली, ‘उलटं असलं तर पोनिराहला तो केतुपात करवणार नाही. म्हणजे दोन्हीकडून वाटोळंच.’ सगळ्या घरांत हेच. एकाच पंक्तीत निम्म्यांना भात वाढायचा आणि निम्म्यांना रिकामी पानं, वर सगळ्यांना डोळे मिटून जेवा म्हणायचं, हे शास्त्र असेल, पण शेजार नव्हे.

पुढच्या गुरुवारी सराव सुरू व्हायच्या आधी वार्सिनीनं मंडपात एक मोठं सूप आणलं. तिनं आपली बाटली सुपात ओतली. मग पोनिराहनं. मग ओळीनं सगळ्यांनी. मीही, सगळ्यात शेवटी. पिवळ्याधमक कॅप्सूलचा ढीग झाला. मग तिनं भात पाखडतात तसं ते सूप अशा झोकात पाखडलं की एक गोळी बाहेर नाही, आणि मूठमूठ सगळ्यांना वाढलं. मास, काय सांगू, त्या दिवशी आम्ही जे वाजवलं तसं कित्येक वर्षांत वाजलं नव्हतं. कुणी पुढं नाही, कुणी मागं नाही. माझा गाँग इतका अचूक पडला की मला स्वतःलाच भरून आलं. मग दर गुरुवारी आधी सूप, मग सूर. नास्तितीला सांगावं हे आमच्या डोक्यातही आलं नाही. जेवणाऱ्यानं ताटातला भात शेजाऱ्याला दिला तर कोण यजमानाला जाऊन सांगतं?

आणि गुडघे (तेव्हाचे गुडघे, त्यांच्याबद्दल लिहायला परवानगी आहे) सुधारू लागले. सगळ्यांचे, बरोबरीनं. तोफूच्या पेट्या एकेक करून माझ्या मुलाकडं परत गेल्या आणि एका गुरुवारी वार्सिनी खांबाला धरून सावकाश, तोंडानं काहीतरी पुटपुटत, खाली बसली ती बसलीच. सारोन तिच्या मांडीशी आलं. तिनं पट्ट्यांवरून हात फिरवला. मी काठी धरून तसाच उभा, आणि बायका एकमेकींना चिमटे काढत रडत होत्या.

मग निकालाचा दिवस आला. नास्तितीनं मंडपात पांढरी चादर टांगून त्यावर चित्र पाडलं. एक लाल रेघ, एक निळी रेघ. लाल म्हणजे खरं औषध मिळालेले, निळी म्हणजे पीठ मिळालेले. दोन्ही रेघा हातात हात घालून खाली उतरत होत्या, जणू दोन सारोन एकच चाल वाजवताहेत. कुठंच फरक नाही. ती म्हणाली, ‘दोन्ही गटांत काहीही फरक आढळला नाही.’ आणि मास, आम्ही टाळ्या वाजवल्या. उभे राहून. (उभं राहता येत होतं, हा केवढा आनंद.) थोर म्हातारी म्हणाली, ‘बघा, याला म्हणतात एकोपा. शास्त्रानंसुद्धा मान्य केलं.’ पोनिराहनं दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. मी भारावून जाऊन क्याईंवर एक ठोका दिला, आवर्तनाशिवाय, आयुष्यात पहिल्यांदा.

नास्तितीही हसली. पण आपल्यात माणूस दोन वेळी हसतो, हसू आलं की आणि रडू आवरायचं असलं की. ती म्हणाली, मी जरा पेले विसळून आणते. पेले विसळलेलेच होते. थोड्या वेळानं वार्सिनी मागं गेली आणि परत आली ती पांढरी पडून. माझ्या कानाशी म्हणाली, ‘पोरगी पाण्याच्या पिंपाशी रडतेय. फरक नाही म्हणजे औषधाचा काही उपयोग नाही, असा अर्थ होतो म्हणे. तिचं सगळं काम वाया गेलं. शिष्यवृत्ती संपली की तिला घरी जावं लागेल. आपण काय करून बसलो हो?’ टाळ्या थांबल्या. सगळ्यांना एकदमच कळलं, आणि सगळ्यांनी एकदमच माझ्याकडं पाहिलं. गाँगवाला शेवटी वाजतो ना, मग वाज आता.

मी पिंपाशी गेलो. आता ही गोष्ट थोबाडीत मारल्यासारखी सांगायची नसते, हे मी तुम्हाला सांगायला नको. मी आधी हवेचं विचारलं. मग तिच्या आईवडिलांचं. मग म्हणालो, की समजा, एखाद्या गावात, म्हणजे या गावात नव्हे, लांबच्या, मुंग्यांना कुणी साखर दिली. तर मुंग्या काय करतील? ती डोळे पुसत म्हणाली, ‘खातील.’ मी म्हणालो, खातीलच, पण एकेकट्या खातील का? ती म्हणाली, ‘पाक, मला आत्ता मुंग्यांचं काही सुचत नाहीये.’ मग मी सुपाकडं वळलो. सूप ही किती उपयोगी वस्तू आहे, भात पाखडता येतो, मिरच्या वाळवता येतात, आणि कधीकधी, समजा, इतरही काही मिसळता येतं. ती म्हणाली, ‘तुम्हाला सूप हवंय का? मी आणून देते.’ मी परत मुंग्यांवर आलो. माझ्या मते मी जवळजवळ पोचलो होतो. तेवढ्यात मागून पोनिराहचा आवाज आला. ‘ए गाँग! तुझं आवर्तन पुरं होईतोवर पोरीचं लग्न होऊन नातवंडं होतील! अगं बाई, ऐक. आम्ही दर गुरुवारी सगळ्यांच्या गोळ्या एका सुपात ओतल्या, कालवल्या आणि सारख्या वाटून खाल्ल्या. लाल नाही, निळं नाही, सगळे जांभळे!’

नास्तिती म्हणाली, ‘सगळ्यांनी?’ ‘सगळ्यांनी.’ ‘दर आठवड्याला?’ ‘आधी सूप, मग सूर.’ ती मटकन खाली बसली, पिंपाला टेकून. वार्सिनी पुढं झाली आणि पदरातून एक पुरचुंडी काढून तिच्या हातात ठेवली. म्हणाली, ‘तुझाही वाटा काढून ठेवलाय गं दर वेळी. एवढ्या लांबून स्कूटरवर येतेस. तुला का गुडघे नाहीत?’ पोरीनं पुरचुंडी उघडली, आतल्या पिवळ्या गोळ्या पाहिल्या, आणि मास, तिला जे हसू फुटलं ते थांबेचना. उचकी लागली. हसता हसता रडली, रडता रडता हसली, वार्सिनीच्या खांद्यावर डोकं ठेवलं. आम्ही सगळे मंडपाच्या कडेला ओळीनं माना खाली घालून उभे, शाळेत काच फोडल्यासारखे.

तिनं तिथूनच प्राध्यापकांना फोन लावला. ते पलीकडं इतका वेळ गप्प राहिले की मला ते गाँगवाले वाटले. मग वर लिहिलेलं त्यांचं विकल्याबद्दलचं वाक्य झालं. पण माणूस भला आहे. आमच्या गावाचा सगळा हिशेब रद्द, म्हणाले, पण शिष्यवृत्ती संपायच्या आत एक संधी आहे, वेगळा विचार कर. विचार नास्तितीनं केला, तिथंच, पिंपाशी. या लोकांत एकाला देऊन दुसऱ्याला न देणं जमणार नसेल, तर अख्ख्या गावाला एकच द्यायचं. एका गावाला खरं, दुसऱ्याला पीठ. मग वाटा हवं तेवढं, सुपात घाला, नाहीतर भातात कालवा. मधे फक्त नदी हवी. अशी आमच्यामुळं तुमची पाळी आली.

पुढचं तुमच्या डोळ्यांसमोरच झालं. बायकांच्या भिशीत चिठ्ठ्या काढतात त्याच बरणीतून चिठ्ठ्या निघाल्या. आम्हाला ‘अ’, तुम्हाला ‘ब’. ‘अ’ म्हणजे काय ते शहरातल्या औषधखात्याशिवाय कुणालाही माहीत नाही, नास्तितीलाही नाही. शेवटची तपासणी सणानंतर. आणि त्या वेळी तिनं आम्हाला बाजूला घेऊन एक गोष्ट हात जोडून सांगितली. दोन गावांनी एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी करायची नाही. आपल्याला पीठ मिळालंय असं कळलं की माणसाचा गुडघा रुसून जास्त दुखतो, खरं मिळालंय असं कळलं की गुडघा फुशारकीनं बरा होतो, आणि मग औषधाचा गुण कुठला आणि माणसाचा कुठला ते निवडता येत नाही. या वेळी बिघडलं तर तिसरी संधी नाही, असं म्हणाली, आणि जे झालं ते झालं, मी रागावले नाहीये, असंही म्हणाली. शेवटी ज्यांना पीठ मिळालं असेल त्यांना खरं औषध मिळेल, तेही कबूल केलंय. या वेळी आम्ही नुसतं ‘इंग्गिह’ म्हटलं नाही. एकेकानं तिच्या डोळ्यांत बघून शब्द दिला. आम्हाला त्याची सवय नाही, थोर म्हातारीला तर घाम फुटला.

तर असं हे विकण्याचं प्रकरण. घाटावरच्या बायकांना एवढं वाचून दाखवलंत तरी पुरे. मुलगा, सून, तोफू सर्व ठीक. म्बाक सुरात्मींना वार्सिनीचा नमस्कार आणि मिठी. डब्यात शेंगदाण्याचे कुरकुरीत पेयेक पाठवलेत, वाटेत मोडले तर तुकडे खावेत.

आपला आज्ञाधारक,
सुकिर्मान

ता. क. मास, एवढं सगळं लिहिलं पण गाँग अजून वाजलेला नाही. पेयेकच्या डब्याच्या तळाशी काल रात्रीपर्यंत कागदाची एक पुडी होती. त्यात आमच्या वाट्याच्या निम्म्या ‘अ’ गोळ्या होत्या. वार्सिनीनं ठेवल्या होत्या, आणि मी पत्रात तिकडून निम्म्या ‘ब’ मागवणार होतो. आधीचं पत्र तसंच लिहिलं होतं. एकदा पंक्तिप्रपंच नको म्हटलं की नदी कुठं आडवी येते? त्यातून पलीकडं तिची सख्खी थोरली बहीण. लहानपणी उसाचं एक कांडं मिळालं तरी सुरात्मीनं दातानं मोडून मोठा तुकडा हिला दिलेला, हे मी लग्नाच्या दिवसापासून ऐकत आलोय. आज सकाळी मी उठलो तर वार्सिनी डबा उपसून बसलेली. पुडी तिच्या हातात. म्हणाली, ‘नका पाठवू. ती पोरगी एकदा आपल्या मंडपात रडली. दुसऱ्यांदा रडायची नाही.’ मग खूप वेळ नदीकडं बघत बसली. तेव्हा ही पुडी येणार नाही. म्बाक सुरात्मींनीही पाठवू नये. (पाठवायचा विचार त्यांनी केला असणार, हे वार्सिनी पैजेवर सांगते.)

ता. क. २. आता खरं काम. शनिवारी ग्रामशुद्धीच्या सणाला दोन्ही मंडळांचं एकत्र वादन आमच्या मंडपात आहे. पत्र लिहितानाच माझ्या लक्षात आलं की तुम्ही आमच्यासमोर पायऱ्या चढणार आणि खाली बसणार. कोण टुणकन बसतो आणि कोण ‘आई गं’ करत बसतो, हे बघितल्यावर चौकशी करायला उरलंच काय? आणि तुम्हीही आम्हाला बघणारच. तेव्हा मी बाहुल्यांच्या खेळाचा तो मोठा पांढरा पडदा मंडपाच्या मधोमध लावतो. एका बाजूनं तुम्ही या, दुसऱ्या बाजूनं आम्ही येतो. सगळे बसले की पडदा काढू. पडद्यामागं दिवा लावायचा नाही, हे तुमच्या मंडळींना बजावून ठेवा, नाहीतर सावल्यांत सगळंच दिसेल. बसताना तोंडानं आवाज करायची सवय असलेल्यांनी तोंडात पेयेक धरावा. मी डबा मोठा पाठवलाय तो त्यासाठीच.

ता. क. ३. वार्सिनीनं वर वाचलं आणि म्हणाली, बसण्याचं झालं, उठण्याचं काय? मास, याचा विचार झालेला नाही. पाहुणे उठल्याशिवाय यजमानांनी उठू नये, आणि यजमान बसलेले असताना पाहुण्यांनी तरी कसं उठावं. त्यातून कुणाच्या गुडघ्याचं बिंग फोडायचं पाप कुणालाच नको. म्हणजे कुणीच उठणार नाही. नास्तितीला खाऊची दुप्पट खोकी आणायला सांगितलीत. आपण एवढंच करायचं: तुम्ही केंदांगवर शेवटचा इशारा देऊ नका, मी शेवटचा गाँग देणार नाही.